अकरावी फेरी

बेकरीला कुलूप लावलं
की माझी खरी पाळी सुरू होते.
पुलापर्यंत जायचं, परत यायचं,
काचेला नाक लावून बघायचं:
ओव्हनचा लाल दिवा विझलेला आहे.
विझलेला आहे.
पुन्हा पुलापर्यंत.
डिसेंबरात तुर्कूला तीनलाच अंधारतं,
त्यामुळे निदान कोणी बघत नाही.

बहीण म्हणाली, फोटो काढत जा ना ओव्हनचा.
फोनमध्ये आता ओव्हनचे चारशे फोटो आहेत,
मुलाचे साठ.

मग आरोग्यकेंद्रातून नावांची यादी आली.
एकच पत्र लिहिलं, तेवीस थेरपिस्टना पाठवलं:
माझं नाव ओइली. वय एक्कावन्न. मी परत जाऊन बघते.
पुढचं वाक्य सुचलं नाही.

जागा नाही. जागा नाही. ऑक्टोबरनंतर विचारा.
एकाने कळवलं की तो आता मधमाश्या पाळतो,
आणि शुभेच्छा.

लिंडरूसबाईंकडे मऊ खुर्ची होती.
त्यांनी आईबद्दल विचारलं, मग आईच्या आईबद्दल.
दीड महिना आम्ही माणसं उकरली, पुन्हा पुरली,
आणि त्यांच्या दारातून निघून मी थेट बेकरीकडे.
वाईट नव्हत्या. रडू छान यायचं तिथे.
पण जोडा चावत होता टाचेला
आणि त्या माझा हात धरून बसल्या होत्या.

दुसरा तरुण, त्याच्याकडे तक्ते.
भीती शून्य ते शंभर.
मी म्हटलं सत्तर. तो म्हणाला, छान.
सत्तरात छान काय, हे विचारायला हवं होतं.
घरी जाऊन तक्ता भरला,
भरलाय की नाही ते सहा वेळा पाहिलं.

त्याला नाही म्हणायला मला आठवडा लागला.
डॉक्टरला नाही म्हणता येतं
हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं.
बाबांचा चुकीचा दात उपटला गेला,
तर ते आभार मानून, पैसे देऊन आले होते.

योउको रांतामाकी यादीत एकोणिसावे.
टेबलावर सायकलचं हेल्मेट, नाक गळतंय.
या वेळी प्रश्न मी लिहून नेले होते:
माझ्यासारखं आधी कोणी आलंय? काय करता? किती दिवस?
आणि नाही जमलं तर?

तर तुम्ही मला तसं सांगायचं, ते म्हणाले.
मला थोडं लागेल. चालतं.

मग विचारलं, किती वेळा जाता परत?
हे कोणीच विचारलं नव्हतं.
अकरा.
च्-च् नाही, मान हलवणं नाही.
अकराव्या वेळी असं काय दिसतं
जे दहाव्या वेळी दिसलं नव्हतं?

मी बराच वेळ गप्प.
काहीच नाही. फक्त पाय दमलेले असतात.

मन चिंती ते वैरी न चिंती, ते कळत होतंच.
पण त्या वैऱ्यासमोर, थंडीत,
माझ्या शेजारी उभं राहून
कोणी घड्याळ बघेल, हे सुचलं नव्हतं.

मंगळवारी आले. मी कुलूप लावलं.
पुलापर्यंत गेलो. थांबलो.
आता काय दिसतंय?
आग. अख्खी गल्ली.
किती?
नव्वद.
त्यांनी छान म्हटलं नाही. नाक पुसलं.
खाली नदीत बर्फाच्या चकत्या
एकमेकींना धक्के देत चालल्या होत्या.
पंच्याऐंशी. ऐंशी.
मग लांब कुठेतरी बंबाची घंटा, पुन्हा अठ्ठ्याऐंशी.
(आमच्या बाजूला नव्हती. बहुधा.)
मग साठ.
मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे राईचा पाव मिळतो का.

त्याच रात्री नऊला कोट चढवून
मी एकटीच जाऊन आले.
पुढच्या वेळी खाली मान घालून सांगून टाकलं.

म्हणजे एक, ते म्हणाले,
आणि वहीत लिहिलं: एक.

नीट लिहिलंय ना, ते मी वाकून बघितलं.
एकदाच.